क्रमशः छापलेला सोनाटा

१७२८ च्या अखेरीस जर्मनीतील हॅम्बर्ग या बंदराच्या शहरात एक आगळे नियतकालिक सुरू झाले. दर पंधरवड्याला चार पानांचा एक अंक निघे. त्यात युद्धाच्या वार्ता नव्हत्या, जहाजांची ये-जा नव्हती की धान्याचे भाव नव्हते. त्या चार पानांवर असे ती केवळ स्वरलिपी. कधी एखादे गाणे, कधी दोन व्हायोलिनांसाठी रचलेला तुकडा, तर कधी रेकॉर्डर नावाच्या सरळ बासरीसाठी लिहिलेला सोनाटा. मात्र हा सोनाटा एकाच अंकात पुरा होईल याची खात्री नसे. पहिला भाग वाजवून व्हावा आणि पान संपावे. पुढचा भाग हवा असेल तर पंधरा दिवस थांबावे आणि पुढचा अंक विकत घ्यावा. कथा-कादंबऱ्यांच्या तळाशी ‘क्रमशः’ हा शब्द वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

‘डेर गेट्रॉये म्युझिक-माइस्टर’, म्हणजे विश्वासू संगीतगुरू, असे या नियतकालिकाचे नाव होते. प्रत्यक्ष संगीत छापणारे जर्मनीतील हे पहिले नियतकालिक मानले जाते. त्याची सूत्रे ज्याच्या हाती होती, तो गेऑर्ग फिलिप टेलेमान त्या काळी जर्मन भाषक मुलखातील सर्वात नामवंत संगीतकार होता. योहान सेबॅस्टियन बाखपेक्षाही त्याची कीर्ती कितीतरी दूरवर पसरली होती. पुढे काळ बदलला. मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आत हाच माणूस भाराभर लिहिणारा, उथळ रचनाकार म्हणून हिणवला गेला. विसाव्या शतकात त्याला पुन्हा लोकांपुढे आणले ते प्रामुख्याने घरात बसून वाजवायच्या त्याच्या छोट्या छोट्या सोनाट्यांनी. संगीत दरबारासाठी असावे, देवळासाठी असावे की संध्याकाळी दिवा लावून वाद्य हाती घेणाऱ्या साध्या माणसासाठी, या प्रश्नाला टेलेमानने सहा दशके आपल्या परीने उत्तर दिले. त्या उत्तराची किंमतही त्यालाच मोजावी लागली.

जप्त झालेली वाद्ये

टेलेमानचा जन्म १४ मार्च १६८१ रोजी माग्देबुर्ग येथे झाला. घराणे धर्मोपदेशकांचे. वडील चर्चमध्ये सेवेत होते. मुलगा अगदी लहान असताना, १६८५ मध्ये, ते वारले. मुलांना वाढवण्याचा भार आई योहाना मारिया हिच्यावर पडला. गेऑर्ग फिलिपला संगीताचे रीतसर शिक्षण फारसे मिळालेच नाही. दहा वर्षांचा होईतो रेकॉर्डर, व्हायोलिन आणि झिदर ही वाद्ये तो आपली आपण वाजवू लागला होता. इतरांच्या रचना उतरवून घ्यायच्या, त्यांची जडणघडण पाहायची आणि मग स्वतः लिहायचे, हीच त्याची शाळा. वयाच्या बाराव्या वर्षी त्याने चक्क एक ऑपेरा रचला.

या ऑपेराने घरात वादळ उठवले. संगीताच्या नादाने पोरगा वाया जाणार, डोंबारी नाहीतर बाजारातला वाजंत्री होणार, असे सांगणारे हितचिंतक आईला भेटले. विधवा आईची काळजीही खोटी नव्हती. त्या काळात संगीतकाराचे पोट राजाच्या मर्जीवर नाहीतर नगरपालिकेच्या तुटपुंज्या पगारावर अवलंबून असे. वाद्ये जप्त झाली, स्वरलिपीचे कागद काढून घेतले गेले आणि मुलाची रवानगी दूर झेलरफेल्ड गावच्या शाळेत करण्यात आली. तेथे तरी हे वेड उतरेल अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण तेथील धर्माधिकारी कास्पार काल्व्हर यालाच संगीतात रस निघाला आणि त्याने मुलाला उलट उत्तेजनच दिले. पुढे हिल्डेसहाइमच्या शाळेत असताना जवळच्या हॅनोव्हर आणि ब्रुन्सविक येथील दरबारी संगीत त्याच्या कानावर पडले. फ्रेंच डौल आणि इटालियन चापल्य या दोन्ही शैलींची ओळख त्याला तेथेच झाली.

१७०१ मध्ये आईच्या इच्छेला मान देऊन तो कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी लाइपझिगला गेला. संगीत सोडायचे असे त्याने ठरवले होते. वाटेत हाले गावी सोळा वर्षांचा एक मुलगा त्याला भेटला. त्याचे नाव गेऑर्ग फ्रिडरिश हँडेल. या दोघांची मैत्री पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. लाइपझिगमध्ये खोलीत राहणाऱ्या सोबत्याला टेलेमानच्या सामानात एका स्तोत्ररचनेचे हस्तलिखित सापडले आणि सारे गुपित फुटले. ती रचना सेंट थॉमस चर्चमध्ये सादर झाली, नगराध्यक्षाला पसंत पडली आणि नियमित रचना करण्याचे काम टेलेमानकडे चालून आले. आईने पाठवलेले पैसे परत करून त्याने आपला निर्णय कळवला. अखेर तिनेही आशीर्वाद दिला.

विद्यार्थ्यांचा मेळा

लाइपझिगमध्ये त्याने जे केले त्यात पुढच्या आयुष्याचे बीज होते. १७०२ मध्ये त्याने विद्यापीठातील सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना एकत्र आणून ‘कोलेगियम म्युझिकुम’ ही संगीतमंडळी उभी केली. ही मुले व्यावसायिक वादक नव्हती. कोणी कायद्याचा विद्यार्थी, कोणी धर्मशास्त्राचा. ती हौसेने वाजवत आणि लोक हौसेने ऐकायला येत. त्याच वर्षी शहराच्या ऑपेराची धुराही त्याच्याकडे आली. शहराचा अधिकृत संगीतप्रमुख योहान कुनाऊ या तरुणाच्या वाढत्या प्रस्थामुळे नाराज झाला. त्याचे चांगले गायक ऑपेराकडे वळू लागले होते. याच कोलेगियमचे नेतृत्व १७२९ मध्ये बाखकडे गेले, हे लक्षात घेतले म्हणजे विशीतल्या टेलेमानने लावलेले रोप किती खोल रुजले होते ते कळते.

१७०५ मध्ये तो सोराउच्या सरदाराच्या पदरी गेला. आज हे गाव पोलंडमध्ये असून त्याचे नाव झारी आहे. काउंट एर्डमान फोन प्रोम्नित्झ पॅरिसहून आला होता आणि त्याला फ्रेंच धाटणीचे संगीत हवे होते. टेलेमानने ते ढिगांनी लिहून दिले. पण त्याचा कान खरा जागा झाला तो दरबाराबाहेर. सरदाराबरोबर प्लेस आणि क्राकोव्ह येथे गेला असता तेथील खानावळींमध्ये आणि नाचाच्या ठिकाणी मशकबाजा आणि फिडल वाजवणारे पोलिश वादक त्याने ऐकले. नाच करणारे क्षणभर थांबले की हे वादक मनाला येईल ते वाजवीत सुटत. त्या रांगड्या संगीतात किती माल दडला आहे हे त्याने तत्काळ ओळखले. पुढे त्याच्या सोनाट्यांत मध्येच एखादी ठेक्याची चाल अडखळून वेगळ्या जागी जोर देते, ती या पोलिश वादकांची देणगी आहे. उच्चभ्रूंनी नाक मुरडले तरी गावठी सूर दिवाणखान्यात आणायला तो कचरला नाही.

१७०८ च्या अखेरीस तो आयझेनाखला आला. येथे त्याचा बाख घराण्याशी स्नेह जुळला. १७१४ मध्ये बाखच्या एका मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी टेलेमान धर्मपिता झाला. कार्ल फिलिप इमॅन्युएल या नावातील ‘फिलिप’ त्याचाच. आयझेनाखच्या काळातच त्याला पहिला मोठा घाव बसला. १७०९ मध्ये त्याने आमाली एबरलीन हिच्याशी लग्न केले होते. पंधरा महिने उलटतात न उलटतात तोच, १७११ च्या जानेवारीत, मुलीला जन्म देऊन ती बाळंतपणात दगावली. टेलेमान कवीही होता. पत्नीच्या मृत्यूवर त्याने एक दीर्घ कविता लिहिली. त्यानंतर त्याने दरबारी नोकरीच सोडली आणि १७१२ मध्ये फ्रँकफर्ट या स्वतंत्र नगराची संगीतसेवा पत्करली. राजाची मर्जी फिरली की नोकरी जाते. नगर मात्र सहसा मरत नाही, असा हिशेब त्यामागे होता.

दोन ओळींचा कागद

फ्रँकफर्टच्या व्यापारी कुटुंबांमध्ये टेलेमानला आपला खरा श्रोता सापडला. या घरांत पैसा होता, हार्प्सिकॉर्ड होता आणि हौस होती. घरातील कोणी व्हायोलिन वाजवी, कोणी रेकॉर्डर. त्यांना हवे होते ते आपल्या बोटांना झेपेल असे, पण मनालाही भिडेल असे संगीत. १७१५ पासून टेलेमान आपल्या रचना छापू लागला.

येथे या सोनाट्यांची घडण थोडी समजून घ्यायला हवी. रेकॉर्डर हे बासरीच्या कुळातील वाद्य, पण ते ओठांशी सरळ धरतात. तोंडाजवळच्या खाचेतून फुंक आपोआप योग्य जागी जाते, म्हणून नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सूर निघतो. पुढे सात छिद्रे, मागे अंगठ्यासाठी एक. सोपेपणाची किंमत मात्र मोजावी लागते. या वाद्याचा आवाज वाढवता येत नाही. जोरात फुंकले तर सूर चढतो, हळू फुंकले तर उतरतो. त्यामुळे भावना व्यक्त करायची ती सुरांच्या चालीतून, श्वासाच्या जागांमधून आणि जिभेने सूर तोडण्या-जोडण्याच्या पद्धतीतून. लहानपणी स्वतः रेकॉर्डर वाजवलेल्या टेलेमानला हे वाद्य आतून माहीत होते. एकच वादक खालच्या सुरावरून वरच्या सुरावर झेपा घेतो तेव्हा दोन जण एकमेकांशी बोलत असल्याचा भास होतो, ही त्याची आवडती युक्ती.

कागदावर या सोनाट्याच्या दोनच ओळी असतात. वरची ओळ रेकॉर्डरची. खालची ओळ खर्जाच्या सुरांची आणि तिच्या बाजूला काही आकडे. याला बासो कंटिन्युओ म्हणतात. खालची ओळ चेलो किंवा बसून वाजवतो, तीच हार्प्सिकॉर्डवादक डाव्या हाताने वाजवतो. त्याच्या उजव्या हाताने काय वाजवायचे हे मात्र लिहिलेले नसते. आकडे कोणते स्वरसमूह घ्यायचे एवढेच सुचवतात. ते कसे मांडायचे, किती भरायचे, कोठे गप्प बसायचे, हे त्याने त्या क्षणी ठरवायचे. तबलजीला ठेका ठरवून दिलेला असतो, पण तो कसा भरायचा हे समोरच्या गवयाकडे पाहूनच ठरते. कंटिन्युओचा व्यवहार काहीसा असाच होता. म्हणून एकच सोनाटा दोन घरांत दोन तऱ्हांनी वाजे.

यात हौशी माणसाची अडचण अशी की आकडे वाचून स्वरसमूह उभे करणे सोपे नव्हते. टेलेमानने त्यावरही उपाय काढला. १७३३ पासून त्याने सोप्या गाण्यांचा एक संग्रह छापला. त्यात उजव्या हाताचे स्वर पूर्ण लिहून दिले होते आणि तळाशी असे का, याचा खुलासा होता. मुख्य वादकासाठी त्याने ‘मेथोडिश सोनाटेन’ या संग्रहात संथ भागांची साधी चाल आणि तिच्याखाली अलंकारांनी सजवलेली चाल अशी दोन्ही दिली. ज्या गोष्टी गुरूसमोर बसून शिकाव्या लागत, त्या त्याने छापील कागदावर आणल्या. गुरू परवडत नसलेल्या, लहान गावात राहणाऱ्या वादकासाठी ही केवढी सोय होती! ज्याला स्वतःला गुरू मिळाला नाही, त्यानेच घरोघरी गुरू पोहोचवला.

स्वतःच लेखक, स्वतःच छापखाना

१७२१ मध्ये टेलेमान हॅम्बर्गला आला आणि मरेपर्यंत तेथेच राहिला. शहरातील पाच मुख्य चर्चचे संगीत त्याच्याकडे होते. शिवाय योहानेउम शाळेत शिकवायचे, दर रविवारी रचना सादर करायच्या आणि दरवर्षी ख्रिस्ताच्या यातनांवर एक नवे ‘पॅशन’ लिहायचे. असे ४६ पॅशन त्याने हॅम्बर्गसाठी लिहिले. ऑपेराही तोच चालवी. चर्चच्या माणसाने तिकीट लावून जलसे करावेत हे नगरातील काही वडीलधाऱ्यांना रुचले नाही. पॅशनच्या संहिता छापण्याच्या हक्कावरून नगराच्या मुद्रकाशीही त्याचा वाद झाला.

१७२२ मध्ये लाइपझिगचा कुनाऊ वारला आणि ती जागा टेलेमानला देऊ करण्यात आली. लॅटिन शिकवण्याचे बंधन नको, ही त्याची अडचणही नगरपालिका मान्य करायला तयार होती. टेलेमानने हॅम्बर्गच्या कारभाऱ्यांना हे कळवले; त्यांनी पगार वाढवला आणि तो राहिला. लाइपझिगची दुसरी पसंती असलेल्या ग्राउपनरला त्याच्या धन्याने सोडले नाही. मग १७२३ मध्ये ती जागा बाखला मिळाली. बाखच्या लाइपझिग पर्वाच्या मुळाशी टेलेमानचा नकार आहे.

पण टेलेमानच्या हॅम्बर्ग पर्वाचा गाभा आहे तो त्याचा छापखाना. स्वरलिपी धातूच्या पत्र्यावर कोरावी लागे आणि ते खर्चिक काम होते. टेलेमान पत्रे स्वतः कोरायला शिकला. जाहिरात त्यानेच लिहावी, आगाऊ वर्गणीदार त्यानेच जमवावेत, गावोगावच्या विक्रेत्यांशी पत्रव्यवहार त्यानेच करावा. १७२५-२६ मध्ये त्याने ७२ कंटाटांचा एक संपूर्ण वर्षाचा संच छापला. प्रत्येकात एक गायक, एक वाद्य आणि कंटिन्युओ, बस्स. ज्या गावातील चर्चला वाद्यवृंद परवडत नाही तेथे, किंवा घरच्या उपासनेतही, तो गाता यावा ही योजना त्यामागे होती. काही कंटाटांमध्ये हे एक वाद्य म्हणजे रेकॉर्डर आहे.

‘विश्वासू संगीतगुरू’ हा याच प्रयत्नाचा पुढचा टप्पा. त्याचे २५ अंक निघाले. टेलेमानने बहुतेक मजकूर स्वतः लिहिला, पण समकालीनांनाही जागा दिली. बाखचा एक कोड्यासारखा कॅनन त्यात छापला गेला. झेलेंका, पिझेंडेल, व्हाइस यांच्याही रचना आल्या. इंग्रजीत ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ प्रसिद्ध होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. टेलेमानने दोन व्हायोलिनांसाठी गलिव्हरवरच एक मालिका रचली. त्यात बुटक्या लिलिपुटवासीयांचा नाच कागदावर काळ्याभोर बारीक स्वरचिन्हांत लिहिला आहे, तर राक्षसी ब्रॉब्डिंगनॅगवासीयांचा नाच प्रचंड लांबीच्या स्वरचिन्हांत. ऐकणाऱ्यापेक्षा पान पाहणाऱ्यालाच या विनोदाची मजा अधिक.

याच अंकांमधून रेकॉर्डर आणि कंटिन्युओचे सोनाटे घरोघरी पोहोचले. त्यांपैकी फ मेजरमधील सोनाटा अवघ्या तीन भागांचा. ऑल्टो रेकॉर्डरचा सर्वात खालचा स्वर फ, म्हणून ही पट्टी बोटांना आपसूक बसते. पहिला भाग चपळ, मधला संथ आणि मनात रेंगाळणारा, शेवटचा पुन्हा धावता. सहा-सात मिनिटांत सारे आटोपते, पण एकही सूर वाया गेलेला नाही. सी मेजरमधील सोनाटा चार भागांचा. त्याची सुरुवातच गाण्यासारखी आहे. फ मायनरमधील सोनाटा मुळात बसूनसाठी लिहिलेला. तो रेकॉर्डरवरही वाजवता येईल अशी सोय टेलेमानने केली. त्याच्या पहिल्या भागाचे शीर्षक ‘ट्रिस्टे’, म्हणजे उदास. हौशी वादकासाठी लिहायचे म्हणून दुःख हलके करून सांगायचे, असे त्याने केले नाही. ‘एसेर्चित्सी म्युझिची’ या दुसऱ्या संग्रहातील दोन रेकॉर्डर सोनाटे याहून अवघड आहेत. त्यांपैकी डी मायनरचा सोनाटा आजही निष्णात वादकांची परीक्षा पाहतो.

घरातील पडझड

१७३३ मध्ये त्याने ‘म्युझिक द ताब्ल’ हा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे २०६ वर्गणीदार होते आणि त्यांची नावे संग्रहात छापली गेली. लंडनहून हँडेलने नाव नोंदवले होते. हँडेलने पुढे या संग्रहातील कल्पना आपल्या रचनांमध्ये मुक्तहस्ताने वापरल्या. त्या काळी यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे.

बाहेर असा लौकिक वाढत असताना घर मात्र ढासळत होते. टेलेमानने १७१४ मध्ये फ्रँकफर्टला मारिया कॅथरिना टेक्स्टर हिच्याशी दुसरे लग्न केले होते. नऊ मुले झाली, पण त्यांतील बरीच लहानपणीच गेली. हॅम्बर्गमध्ये या दांपत्याच्या बेबनावाची चर्चा गावभर झाली. पत्नीला जुगाराचे व्यसन जडले आणि कर्ज हजारो थालरांपर्यंत गेले. ही रक्कम त्याच्या वर्षभराच्या कमाईहून मोठी होती. १७३६ च्या सुमारास ती घर सोडून गेली. टेलेमानला दिवाळखोरीपासून वाचवले ते हॅम्बर्गच्या नागरिकांनी वर्गणी गोळा करून. ज्या व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या घरांसाठी त्याने इतकी वर्षे संगीत छापले होते, त्याच शहराने आपल्या संगीतकाराचे ऋण फेडले.

१७३७ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथील प्रकाशकांनी त्याच्या रचना परवानगीशिवाय छापल्या होत्या. टेलेमानने आठ महिने मुक्काम ठोकून वीस वर्षांचा राजपरवाना मिळवला आणि नवी चौकडींची मालिका स्वतः प्रसिद्ध केली. फ्रान्समधील नामांकित वादकांनी ती वाजवली आणि वर्गणीदारांच्या यादीत लाइपझिगच्या बाखचे नाव होते. आपल्या लेखणीवर आपला हक्क आहे, हे त्या काळच्या संगीतकाराला क्वचितच सुचे. टेलेमानने तो हक्क मागितला आणि मिळवलाही. १७४० मध्ये मात्र त्याने ४४ प्रकाशनांचे कोरलेले पत्रे विकायला काढले. साठीला आलेल्या हातांनी कोरणी खाली ठेवली.

फुलझाडे आणि नातू

यानंतर टेलेमानचे लक्ष बागेकडे वळले. दूरदूरची दुर्मीळ रोपे जमवण्याचा त्याला छंद लागला. १७५० मध्ये लंडनहून हँडेलने त्याला परदेशी झाडांची एक पेटी पाठवली. पुढे टेलेमान वारल्याची खोटी बातमी हँडेलच्या कानी गेली. तो खुशाल आहे हे १७५४ मध्ये कळताच आनंदलेल्या हँडेलने आणखी रोपांची सोय केली. हालेच्या वाटेवर भेटलेले दोन तरुण आता एकमेकांना फुलझाडे धाडणारे म्हातारे झाले होते.

१७५५ मध्ये टेलेमानचा मुलगा आंद्रेआस मरण पावला. सात वर्षांचा नातू गेऑर्ग मिखाएल याला आजोबाने पदरात घेतले. डोळे अधू होत होते, पाय साथ देत नव्हते. पण याच वयात त्याची लेखणी पुन्हा बहरली. लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपाने सारा युरोप हादरला, त्यानंतर १७५६ मध्ये त्याने मेघगर्जनेवरील भव्य रचना केली. १७६२ मध्ये ‘न्यायाचा दिवस’ हे ओरेटोरिओ आले आणि १७६५ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ‘इनो’ ही एका स्त्रीस्वरासाठी रचलेली नाट्यमय कंटाटा. तिच्यात विशीतील तरुणाचा जोम आहे. २५ जून १७६७ रोजी तो वारला. त्याची जागा त्याच्या धर्मपुत्राने, कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखने घेतली. तीन हजारांहून अधिक रचना मागे राहिल्या.

उपेक्षा आणि पुनर्भेट

याच मोठ्या आकड्याने त्याचा घात केला. मृत्यूला फार वर्षे लोटली नसतानाच इतके लिहिणाऱ्याच्या हातून कसदार काय लिहून होणार, असा सूर लागला. एकोणिसाव्या शतकात बाखचा पुनर्शोध झाला आणि बाखला उंच करण्यासाठी टेलेमानला खाली बसवण्यात आले. बाखचा चरित्रकार फिलिप श्पिट्टा याने त्याला कनिष्ठ ठरवले. गंमत अशी की त्याच शतकातील बाखच्या समग्र आवृत्तीत छापलेल्या काही कंटाटा बाखच्या नसून टेलेमानच्या असल्याचे पुढे सिद्ध झाले. नाव बदलले की तेच सूर थोर वाटू लागतात, हे त्यातून उघड झाले.

दरम्यान रेकॉर्डरही विस्मृतीत गेला होता. वाद्यवृंद मोठे होत गेले, सभागृहे विस्तारली आणि मोठ्या आवाजाच्या आडव्या फ्लूटने त्याची जागा घेतली. इंग्लंडमध्ये आर्नोल्ड डोल्मेच या वाद्यनिर्मात्याने १९०५ मध्ये एक जुना रेकॉर्डर विकत घेतला होता. १९१९ मध्ये त्याचा लहान मुलगा कार्ल लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर ती पिशवी विसरला. हरवलेल्या वाद्याच्या बदली डोल्मेचने आपल्या मोजमापांवरून नवा रेकॉर्डर घडवला आणि वाद्याचा पुनर्जन्म झाला. थोड्याच वर्षांत जर्मनी आणि इंग्लंडच्या शाळांमध्ये स्वस्त रेकॉर्डर मुलांच्या हाती आले. आता प्रश्न पडला की या वाद्यावर वाजवायचे काय. तेव्हा ग्रंथालयांतून ‘विश्वासू संगीतगुरू’चे अंक बाहेर निघाले. हौशी माणसाच्या बोटांचा विचार करून लिहिलेले, तरीही मनाशी प्रामाणिक असलेले हे सोनाटे जणू त्या मुलांसाठीच दोनशे वर्षे थांबले होते.

१९६० च्या दशकात नेदरलँड्सचा फ्रान्स ब्रुगेन हा विलक्षण वादक (१९३४-२०१४) गुस्ताव्ह लिओनहार्ट आणि आनर बिल्स्मा यांच्या साथीने हे सोनाटे वाजवू लागला, तेव्हा शाळेतले वाद्य समजल्या जाणाऱ्या रेकॉर्डरकडे आणि टेलेमानकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. त्याच्या जन्मगावी, माग्देबुर्गमध्ये, १९६२ पासून टेलेमान महोत्सव भरतो. २०११ मध्ये हॅम्बर्गला त्याचे संग्रहालय उघडले.

टेलेमान बाखएवढा खोल होता का, हा वाद संगीतज्ञांनी खुशाल घालावा. बाखच्या रचनेपुढे आपण मान वर करून उभे राहतो; टेलेमान शेजारी बसून खालची ओळ तू धर, वरची मी धरतो असे म्हणणाऱ्या मित्रासारखा आहे. संगीत ऐकण्यापुरते उरू नये, ते वाजवणाऱ्यांचेही असावे, यासाठी त्याने पत्रे कोरले, जाहिराती लिहिल्या, अंक काढले. वाद्ये जप्त झालेल्या त्या बारा वर्षांच्या मुलाने असंख्य घरांत वाद्यांसाठी सूर पाठवले. फ मेजरचा तो छोटा सोनाटा आज जगभरातील रेकॉर्डर शिकणाऱ्यांच्या वहीत असतो. पुढचा भाग वाजवायला आता पंधरा दिवस थांबावे लागत नाही, एवढाच काय तो फरक.